खंजिरी आणि खराटा

युरोपच्या वायव्येस आइसलंड नावाचे जे बेट आहे, तेथे ब्यर्क नावाची एक गायिका आहे. विद्युत्-यंत्रांतून काढलेले चमत्कारिक नाद आणि मानवी कंठ यांची तिने घातलेली सांगड जगभर गाजली. तिचा पेहराव, तिचे वर्तन व तिची मते ही पुष्कळदा सभ्य समाजास दचकविणारी ठरली. याच बाईने जून २००८ मध्ये रेक्याविक या राजधानीत खुल्या मैदानावर जलसा केला आणि आपल्या देशाचे पाणी व रानमाळ ॲल्युमिनियमच्या कारखान्यांपायी खर्ची पडत आहेत, याकडे हजारो लोकांचे लक्ष वेधले. त्याच्या पाव शतक आधी, १९८२ साली, योझेफ बॉइस या जर्मन कलावंताने कासेल शहरात सात हजार ओक वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला, प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टची एक शिळा रोवली, आणि या साऱ्या उद्योगालाच शिल्प म्हटले. तो १९८६ साली वारला. शेवटचे झाड १९८७ साली लागले.

अशी उदाहरणे वाचली की आपल्याकडील सुशिक्षितांना वाटते, कलावंताने सृष्टीच्या रक्षणासाठी लोकांना डिवचावे ही कल्पना पश्चिमेकडून आली असून ती अगदी अलीकडची आहे. वर्धा जिल्ह्याचा या शतकापूर्वीचा इतिहास ज्याने थोडाबहुत चाळला असेल, त्याला हे मत मान्य करणे कठीण जाईल. मात्र ज्या गायकाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याच्या वाद्याला विजेची तार नव्हती. ते वाद्य म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कडेला बसविलेल्या धातूच्या चकत्या. पावसाळी हवेत ते सैल पडे आणि शेकोटीवर धरून पुन्हा ताठ करावे लागे. आमच्याकडे त्यास खंजिरी म्हणतात.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. घर गरीब शिंप्याचे. शिक्षण मराठी तिसरीच्या पलीकडे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू; 'तुकड्या' हे नाव त्यांच्यापासूनच मिळाले. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी येथील अरण्यांत त्यांनी दीर्घ काळ काढला. अरण्यवासाचे वर्णन चरित्रकार बहुधा साधनेच्या अंगाने करतात व ते योग्यच आहे. परंतु ज्याची ऐन तारुण्यातील वर्षे झाडांच्या सोबतीत गेली, त्याच्या भजनांत झाडे नुसत्या शोभेसाठी येत नाहीत, एवढी गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. तेथून पूर्वेस गेले की वर्धा नदी लागते, आणि नदी ओलांडली की आपला जिल्हा.

त्या वेळी या जिल्ह्यात काय चालले होते? डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले होते. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार. तंजावरचे, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले आणि कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेले. रॉकेलऐवजी देशी तेलावर जळणारा मगनदीप, धूर कमी करणारी मगनचूल अशा साध्या वस्तूंवर तेथे खटपट चाले. पुढे कुमारप्पांनी जबलपूरच्या तुरुंगात बसून शाश्वत अर्थव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिले व जे १९४५ साली निघाले, त्याचे बीज या मगनवाडीत आहे. भूमीतून जेवढे घ्यावे तेवढे तिला परत द्यावे, हा त्याचा गाभा होय. आज 'पर्यावरण' या भारदस्त शब्दाखाली जे पुष्कळसे सांगितले जाते, ते तेथे शेणखताच्या भाषेत सांगितले जात होते.

आणि त्याच सुमारास वर्ध्याच्या वेशीजवळील सिंदी येथे (रेल्वे-स्थानकाची सिंदी निराळी) मीराबेन व महादेवभाई देसाई यांच्यासारखी माणसे पहाटे जाऊन गावाची घाण उचलीत होती. इंग्रज दर्यासारंगाची मुलगी आणि गांधीजींचे विद्वान चिटणीस गावकऱ्यांची विष्ठा मातीखाली पुरीत आहेत, हे दृश्य मोठे खरे. पण गावकरी बहुधा पाहत उभे राहत. महिने लोटले तरी गावाची सवय फारशी सुटली नाही. मला वाटते, या अपयशाकडे आमच्या इतिहासकारांनी जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिलेले नाही. दुसऱ्याने आपले अंगण झाडावे आणि आपण आदराने बघावे, यात आदर असला तरी अंगण आपले होत नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावास राहावयास गेले. (या गावाचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले.) तो तुकडोजी महाराजांचा सत्ताविसावा वाढदिवस होता, हा निव्वळ योगायोग. त्याच वर्षी महाराजांना तेथे बोलावणे गेले आणि सुमारे महिनाभर ते गांधीजींच्या सहवासात राहिले. त्या मुक्कामाविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. त्यांची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे निश्चित की, अरण्यातून आलेल्या या गायकाच्या भजनांत पुढील काळी देवाबरोबर गाव येऊ लागले. देवळाच्या ओट्यावर चालणारे भजन सूतकताई, अस्पृश्यता, दारू आणि शेवटी इंग्रज सरकार यांच्यावर बोलू लागले. गावोगाव आरती मंडळे निघाली. खंजिरीचा ठेका द्रुत, शब्द हिंदी-मराठी सरमिसळ, चाल एकदा ऐकली की ओठांवर बसणारी. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत वाढलेल्या कानांना ते गाणे ओबडधोबड वाटले असेल. ते त्या कानांसाठी नव्हतेच.

१९४२ चा चातुर्मास महाराजांनी चिमूर येथे केला. ऑगस्टच्या ९ तारखेस पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि १६ तारखेस, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर व आष्टी ही दोन्ही गावे एकदम पेटली. पैकी आष्टी आपल्या जिल्ह्यात, त्या काळी आर्वी तहशिलीत. लोक तिरंगी झेंडा घेऊन पोलिसांच्या ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, गावातील माणसे पडली, खवळलेल्या जमावाने ठाण्यास आग लावली, आणि फौजदारासह काही पोलीस मारले गेले. चिमूरलाही रक्तपात झाला आणि पाठोपाठ लष्कर येऊन तेथील स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी केलेला ६३ दिवसांचा उपवास १२ जानेवारी १९४३ रोजी सुटला. खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान करून लोकमत जागविले, आणि १९४५ साली उरलेल्यांच्या गळ्याभोवतीचा फास निघाला.

महाराजांना ऑगस्टअखेर चांदा येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवून डिसेंबरात त्यांना सोडण्यात आले. सरकारचा रोख त्यांच्या भजनांवर होता. त्यांतील एक भजन विशेष प्रसिद्ध आहे. त्यात कवी माणसांना हाक मारून थांबत नाही; रानातील झाडेझुडपे आणि वाटेवरील दगड यांनाही तो लढ्यात ओढतो. निःशस्त्र लोकांच्या पदरी सृष्टीखेरीज दुसरे शस्त्र कोणते असणार? काव्य म्हणून ही कल्पना भव्य आहे. पण ज्या दिवशी वाटेवरील दगड खरोखरच उचलले जातात, त्या दिवशी ते काव्य राहते काय?

हा प्रश्न टाळून महाराजांवर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गाण्याचे वळण बदलले की राज्याचे कायदे हादरतात, असे प्लेटोने बजावून ठेवले आहे. त्याला ही भीती होती, आणि आष्टीच्या बाबतीत ती खरी ठरली असे मध्यप्रांताचे तत्कालीन अधिकारी म्हणाले असते. आयरिश कवी यीट्स याला तर ही रुखरुख वार्धक्यात छळीत राहिली. त्याच्या १९०२ च्या एका नाटकाने डब्लिनचे तरुण भारावले होते. १९१६ च्या उठावानंतर त्यांच्यातील काहींना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. आपल्या शब्दांचा त्यात किती भाग, हे त्याने मरणाच्या उंबरठ्यावर स्वतःला विचारले. आष्टीला जे मेले ते दोन्ही बाजूंचे होते, आणि मेलेल्या पोलिसांतही आमच्याच घरांतील मुलगे होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या वर्णनात आम्ही हे वाक्य सहसा लिहीत नाही.

माझे स्वतःचे मत असे की, चेतविणाऱ्या कलावंताचा हिशेब एका दिवसावर करू नये. जमाव जागा करणे ही अर्धी कामगिरी. जागा झालेला जमाव दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, याची काळजी वाहणे ही उरलेली अर्धी. यीट्सपाशी या दुसऱ्या दिवसासाठी पश्चात्तापापलीकडे फारसे काही नव्हते. महाराजांपाशी खराटा होता.

खराटा म्हटला की वाचकांना प्रथम गाडगेबाबा आठवतील, आणि ते न्याय्यच आहे. तेही अमरावती जिल्ह्याचेच. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाच्या मनाची घाण काढावी, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह पडेपर्यंत चालला. पण बाबा एकटे चालत. आज येथे, उद्या तेथे. तुकडोजींची दृष्टी संघटकाची. आरती मंडळांतून पुढे श्रीगुरुदेव सेवामंडळ उभे राहिले, आणि त्याच्या दिनक्रमात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना व सकाळची रामधून या दोन गोष्टी बसविण्यात आल्या.

रामधुनीची युक्ती पाहण्यासारखी आहे. पहाटे भजन म्हणत रांगेने गावातून फेरी निघते. फेरी ज्या गल्लीतून जावयाची, ती आधी झाडलेली, सडा घातलेली, रांगोळी काढलेली असावी, असा संकेत. म्हणजे ज्या घरासमोर उकिरडा, त्या घराला गाण्यापुढे खाली पाहावे लागणार. येथे कोणी साहेबीण येऊन तुमची घाण उचलीत नाही. तुमच्या दारावरून तुमचेच शेजारी गात जाणार असतात. सिंदीला जे अनेक महिन्यांच्या मूक सेवेने झाले नाही, ते अनेक गावांत या गात्या लाजेने झाले. आष्टीकडे जाणाऱ्या लोकांच्या ओठांवर जो ठेका होता, तोच आता उकिरड्यासमोरून जाऊ लागला. आणि माझ्या मते हे दुसरे आव्हान पहिल्याहून अवघड होते. परक्या सरकारवर चाल करून जाण्यास एक दुपार पुरते. स्वतःच्या परसावर रोज पहाटे चाल करावी लागते, आणि तेथे हुतात्मा होण्याची सोय नाही.

मार्च १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर, त्यांचे सहकारी सेवाग्रामला जमले. नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा, कुमारप्पा अशा त्या मेळाव्यात तुकडोजी महाराजही होते. इंग्रजी जाणणाऱ्या, पुस्तके लिहिणाऱ्या माणसांच्या बैठकीत तिसरी शिकलेला हा भजनी बसला होता, आणि खेड्यातील माणसाशी रोजचा संबंध त्याच्याइतका फारच थोड्यांचा होता. पुढे विनोबांच्या भूदानाला त्यांनी साथ दिली. १९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ओवीछंदातील या एकेचाळीस अध्यायांच्या ग्रंथात ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार असे स्वतंत्र अध्याय आहेत. केरकचरा, सांडपाणी, खत या विषयांवर ओव्या रचणे म्हणजे रसिकतेशी वैर पत्करणे, असे एखाद्या टीकाकारास वाटेल. आणि शुद्ध काव्य म्हणून त्या ओव्या सर्वत्र सरस आहेत, असे मीही म्हणणार नाही. परंतु ज्ञानेश्वरांच्या छंदात उकिरड्याची गोष्ट आली म्हणजे ती देवघरात वाचली जाते. आरोग्यखात्याचे पत्रक देवघरात कोणी नेत नाही.

या मार्गाला मर्यादा होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस वारले. त्यांच्या काळचा गावचा कचरा बहुतांशी कुजणारा होता. तो झाडून खड्ड्यात टाकला की वर्षाने शेतात परत जाई. प्लास्टिक आणि कपाशीवरील विषारी औषधांचे रिकामे डबे खराट्याने झाडता येतात, कुजविता येत नाहीत. ती वस्तू गावाबाहेरच्या कारखान्यांतून येते, आणि तेथवर रामधुनीची फेरी पोचत नाही. तेथे आइसलंडच्या त्या बाईचा मार्गच कदाचित अधिक उपयोगी. म्हणजे धोरण ठरविणाऱ्यांच्या राजधानीतच उच्च स्वरात गाणे. गावाने स्वतःकडे पाहावे हे शिकविणारा कलावंत आम्हांला लाभला. गावाच्या नावाने मुंबई-दिल्लीकडे पाहून गाणारा तितक्या ताकदीचा अद्याप दिसत नाही.

२००५ सालापासून नागपूर विद्यापीठास महाराजांचे नाव आहे, आणि वर्धा जिल्ह्यातील कित्येक पदवीधरांच्या पदवीपत्रावर ते छापलेले असते. महाराजांच्या भजनांचे शब्दही पुस्तकांतून सहज मिळतात. पण त्या शब्दांत १९४२ सालचा अर्थ भरणारा जो खंजिरीचा ठेका, तो शब्दांबरोबर छापता येत नाही. मूळ ध्वनिमुद्रणे आहेत. आणि आर्वी, आष्टी, तळेगाव या पट्ट्यात वडिलांकडून हाताचे वळण उचललेले वृद्ध भजनी अजून गातात. एखाद्या संगीताच्या विद्यार्थ्याने ती ध्वनिमुद्रणे त्यांच्यासमोर बसून ऐकावी, कोणत्या भजनाला कोणता ठेका, तो कोठे चढतो, कोठे थांबतो, हे बोलांसह टिपून घ्यावे. दोन पावसाळे पुरतील एवढेच ते काम आहे.