बाखच्या संगीताचे उत्तरकालीन अवतार

योहान सेबास्टियन बाख ह्या जर्मन संगीतकाराचें नांव आज युरोपीय संगीतांत अग्रस्थानीं घेतलें जातें. परंतु १७५० सालीं लायप्झिग येथें तो वारला, त्यानंतर जवळजवळ ऐंशीं वर्षें त्याच्या मोठ्या धार्मिक रचना दप्तरांत बांधून पडल्या होत्या, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक नसेल. त्याचीं वाद्यसंगीताचीं कांहीं पुस्तकें मोझार्ट, बीथोव्हेन यांसारख्या मर्मज्ञांच्या अभ्यासांत होतीं खरीं. पण सामान्य श्रोत्यांच्या लेखीं बाख हा जुन्या वळणाचा एक पंडित, एवढेंच. अशा विस्मृत पुरुषास ज्यांनीं पुन्हां लोकांपुढें आणिलें, त्यांनीं त्याचें संगीत जसेंच्या तसें ठेविलें नाहीं. त्यांस हा अधिकार कोणी दिला, असें शुद्धतेचे अभिमानी वारंवार विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांतच शोधणें बरें.

११ मार्च १८२९ रोजीं बर्लिन येथील 'झिंग-अकाडेमी' ह्या गायनसंस्थेंत बाखचें 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर रचलेलें ख्रिस्ताच्या यातनांचें संगीतमय आख्यान, सादर झालें. संचालक फेलिक्स मेंडेल्सोन अवघ्या वीस वर्षांचा होता. आजीनें करवून दिलेली हस्तलिखित प्रत त्याच्या संग्रहीं कांहीं वर्षें होती. जें आख्यान बाखनें मूठभर मुलें व तरुण यांच्याकडून चर्चमध्यें गाववून घेतलें, तें येथें दीडशेंहून अधिक गायकांनीं सभागृहांत गाइलें. मेंडेल्सोननें कित्येक एकल पदें गाळलीं, आणि प्रचारांतून गेलेल्या ओबोच्या जुन्या प्रकारांऐवजीं क्लॅरिनेट घातलीं. ह्यास मोडतोड म्हणावें कीं जीर्णोद्धार? निर्णय देण्यापूर्वीं परिणाम पाहावा. पुढच्याच वर्षीं ह्या आख्यानाची स्वरलिपि छापून निघाली. आणि १८५० मध्यें लायप्झिग येथें बाखच्या नांवानें मंडळ स्थापन होऊन त्यानें त्याच्या समग्र रचनांची संशोधित आवृत्ति हातीं घेतली, ती पुरी होण्यास सुमारें पन्नास वर्षें लागलीं. शुद्ध पाठासाठीं झटणाऱ्यांना तो पाठ हवासा वाटला, त्याच्या मुळाशीं हा अशुद्ध प्रयोग होता.

शिवाय बाख स्वतः ह्या बाबतींत सोवळा नव्हता. इटालियन संगीतकार व्हिव्हाल्डी यानें चार व्हायोलिनांसाठीं रचलेली एक कृति त्यानें चार हार्प्सिकॉर्डांसाठीं पुन्हां लिहिली, व स्वतःच्या रचनाही एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर तो सहज नेई. आमच्याकडे एकच चीज निरनिराळ्या घराण्यांत निराळ्या अंगानें गाइली जाते, त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. परंतु ही तुलना फार ताणूं नये. आमच्या गवयास चीज ही विस्तारासाठींच मिळते. बाखनें मात्र बहुतेक स्वर लिहून ठेविलेले आहेत. म्हणून तेथें कोणी काय बदललें, हें अधिक बारकाईनें पाहावें लागतें.

ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीं रचलेलें 'शाकोन'. चार तारांच्या ह्या वाद्यावर एका वेळीं अनेक सुरावटी पुरत्या वाजणें शक्य नाहीं. बाख त्या सुचवितो, उरलेलें श्रोत्यानें मनांत भरून घ्यावयाचें. मेंडेल्सोन व शूमान ह्या दोघांनींही त्यास पियानोची साथ जोडली. बुसोनीनें १९ व्या शतकाच्या अखेरीस दोन्ही हातांनीं वाजविण्याजोगें भव्य रूप दिलें. त्यांत कधीं ऑर्गनचा घोष ऐकल्यासारखें वाटतें. ब्राम्झनें मात्र हीच रचना पियानोवर फक्त डाव्या हातासाठीं लिहिली. व्हायोलिनवादकाची ओढाताण एका हाताच्या बंधनानें पुन्हां उभी राहते. बुसोनीचें वैभव आम्हांस मान्य आहे, तथापि बाखचें मर्म ब्राम्झला अधिक कळलें, असें आमचें मत आहे.

विसाव्या शतकांत तर ह्या अवतारांस सीमाच राहिली नाहीं. १९३३ मध्यें वांडा लँडोव्हस्का ह्या विदुषीनें 'गोल्डबर्ग' रचना हार्प्सिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली, आणि लोकांस खरा बाख सांपडल्यासारखें वाटलें. पण तिचें वाद्य पॅरिसच्या कारखान्यांत नव्यानें घडविलेलें, पोलादी बांध्याचें होतें. तसलें वाद्य बाखनें कधीं पाहिलें नव्हतें! १९३५ मध्यें वेबर्ननें सहा सुरावटींचें 'रिचेरकार' वाद्यवृंदासाठीं लिहितांना, प्रशियाच्या फ्रेडरिक राजानें बाखला दिलेल्या मूळ स्वरवाक्याचे तुकडे करून ते ट्रॉम्बोन, हॉर्न, ट्रम्पेट असे वांटून दिले. प्रथम ऐकतांना हा खेळ वाटतो. लक्ष दिल्यास त्या वाक्याचे सांधे दिसूं लागतात. जॅक लूसिएच्या त्रयीनें १९५९ पासून बाख जॅझच्या ठेक्यावर वाजविला. तो कानांस गोड लागतो, पण त्याहून अधिक आम्हांस त्यांत आढळलें नाहीं. १९७१ पासून हार्नोनकुर व लेओनहार्ट यांनीं जुनीं वाद्यें आणि मुलांचे आवाज घेऊन बाखचीं चर्चगीतें ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. तेंही एक नवें रूपच होतें, कारण ऐकणारे कान अठराव्या शतकाचे नव्हते.

सर्वांत मोठा गहजब झाला तो १९६८ मध्यें वेंडी कार्लोस यांनीं विद्युत्-यंत्रावर वाजविलेल्या बाखमुळें. पुष्कळांनीं त्यास विटंबना म्हटलें. परंतु त्या यंत्रांतून एका वेळीं एकच स्वर निघे. त्यामुळें प्रत्येक सुरावट स्वतंत्र वाजवून फितीवर एकावर एक चढवावी लागली. बाखच्या संगीताचा पिंड अशा स्वतंत्र सुरावटींचाच असल्यानें, यंत्राच्या ह्या उणिवेमुळेंच त्या लख्ख ऐकूं आल्या. ग्लेन गूल्डसारख्या चोखंदळ पियानोवादकानें ह्या कामाची वाखाणणी केली, ती उगाच नव्हे. त्याच संग्रहांत तिसरा 'ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो' आहे. त्याच्या दोन द्रुत भागांमध्यें बाखनें फक्त दोन स्वरसंघ लिहिले आहेत. कोणी वादक ते तसेच वाजवून पुढें जातात, कोणी व्हायोलिनची एखादी छोटी आलापी घालतात. कार्लोस यांनीं तेथें आपल्या यंत्राचे चित्रविचित्र ध्वनि भरले. ते आम्हांस रुचले नाहींत. तथापि ती जागा मोकळी ठेविली होती ती बाखनेंच.