भोंग्याची गवाही

इतिहास लिहिणारा कागदावर विसंबतो, आणि कागद मुका असतो. अमुक साली शहरात धोक्याचे भोंगे बसवले, एवढी नोंद दप्तरात सापडते. तो आवाज कसा होता, कुठवर पोचत होता, हे त्यातून कळत नाही. वर्गात तवारीख शिकवताना ही उणीव आम्हांला नेहमी जाणवते. म्हणूनच अमेरिकेतल्या एका आगळ्या शौकाची दखल घ्यावीशी वाटते. तिथले काही हौशी लोक धोक्याच्या भोंग्यांच्या चाचणीचा दिवस गाठतात आणि तो आवाज ध्वनिमुद्रित करून जपतात.

या यंत्राचा जन्म धोक्यासाठी झालेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या जॉन रॉबिसन यांनी हवेचा झोत तोडून तोडून सूर काढला. १८१९ मध्ये फ्रान्सच्या काग्नियार द ला तूर यांनी ते उपकरण सुधारले. ते पाण्याखालीही वाजे, म्हणून त्याचे नाव ठेवले 'सायरन'. ग्रीक पुराणातल्या सायरन गोड गाऊन खलाशांना मरणाकडे ओढत. त्यांचेच नाव पुढे जीव वाचवणाऱ्या आवाजाला मिळाले! रचना साधी आहे. भोकांचे चाक फिरते आणि हवेचे तुकडे पाडते. १० भोकांच्या चाकाने सेकंदाला ४६ फेरे घेतले, की ४६० कंपनांचा सूर निघतो. वेग वाढेल तसा तो चढतो, वीज तोडली की हळूहळू उतरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबॉम्बची धास्ती अमेरिकेच्या मनात बसली. १९५२ मध्ये क्रायस्लर कंपनीने १८० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालणारा भोंगा आणला. १०० फुटांवर त्याचा आवाज १३८ डेसिबल भरे. ज्या हल्ल्यासाठी ही तयारी होती तो आला नाही. भोंगे मात्र टोर्नाडो आणि त्सुनामीच्या कामी आले. इलिनॉय राज्यात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता त्यांची चाचणी घेण्याची रीत पडली.

हौशी माणूस त्या वेळी कान सांभाळून अंतरावर उभा राहतो. तारीख, ठिकाण, भोंग्याची बनावट टिपतो. फिरत्या कर्ण्याचा आवाज जवळ येतो, दूर जातो. एखादा कर्णा फिरायचा थांबला असेल, तर मुद्रणात तेही उमटते. सॅन फ्रान्सिस्कोत दर मंगळवारी दुपारी १२ वाजता भोंगे वाजत. डिसेंबर २०१९ मध्ये ते सुधारणेसाठी बंद केले गेले, आणि त्या मंगळवारांचा पुरावा अशा मुद्रणांत उरला.

पण चाचणी म्हणजे हमी नव्हे. २२ मे २०११ रोजी मिझुरीतल्या जॉप्लिन शहरात टोर्नाडोपूर्वी भोंगे वाजले होते. तरी पहिल्या भोंग्याला बहुतेकांनी आसरा गाठला नाही, असे राष्ट्रीय हवामान सेवेच्या अहवालाने नोंदवले. त्या दिवशी दीडशेहून अधिक माणसे गेली. हवाईत दर महिन्याला चाचणी होत असे. तरी ८ ऑगस्ट २०२३ रोजी लाहैना गाव जळत असताना भोंगे वाजवलेच नाहीत. लोक त्सुनामी समजून डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळाले असते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तिथे शंभरच्या आसपास बळी गेले. यंत्र ठीक असून भागत नाही. कळ दाबणारा हात हवा, आणि आवाजाचा अर्थ जाणणारा कानही हवा.

आपल्याकडेही ही गोष्ट परकी नाही. १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी काळोखात सायरन ऐकले. गिरणगावचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करून गप्प झाले. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांनी हा आवाज प्रथमच ऐकला. मोबाइल तर आता घरोघरी आहे. पुढच्या तालमीला विद्यार्थ्यांनी तो आवाज टिपावा. सोबत तारीख, ठिकाण आणि एक ओळ लिहावी : आमच्या मोहल्ल्यात तो ऐकू आला का? आला असेल, तर तो ऐकून काय करायचे हे घरात कोणाला ठाऊक होते? पन्नास वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्याला ही गवाही लागेल. मोहल्ल्याला ती आजच हवी आहे.