रिद्धपूरचा दृष्टान्त

शाळेंतील मुलाला अलंकार विचारले, तर उपमा, रूपक, दृष्टान्त हीं नांवें तो घडाघडा म्हणून दाखवितो. परंतु उपमा कोठें संपते आणि दृष्टान्त कोठें सुरू होतो, हें विचारतांच अडखळतो. अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्याला ह्याचें उत्तर घराजवळच सांपडेल. मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर ह्या गांवाच्या इतिहासांत तें आहे.

तेराव्या शतकांत रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें केंद्र होतें. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य येथें गोविंदप्रभूंपाशीं राहिले. श्रीचक्रधरांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. उरली होती ती ऐकणारांची स्मृति. ती नष्ट होण्यापूर्वीं म्हाइंभटांनीं १२७८ च्या सुमारास आठवणी मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें, आणि केसोबासांनीं श्रीचक्रधरांनीं सांगितलेल्या कथा वेंचून ‘दृष्टान्तपाठ’ रचला.

त्यांत ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाचीं अंगें तीन: आधीं सूत्र, म्हणजे थोडक्यांत सिद्धान्त, मग दृष्टान्त, म्हणजे व्यवहारांतील कथा, शेवटीं दार्ष्टान्तिक, म्हणजे कथेचा सिद्धान्ताशीं घातलेला मेळ.

आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. पाय चांचपणारा म्हणतो, हत्ती खांबासारखा. कान चांचपणारा म्हणतो, सुपासारखा. शेपूट धरणारा म्हणतो, खराट्यासारखा. ह्यांतील प्रत्येक वाक्य ही एक उपमा आहे, आणि आपल्यापुरती ती खरीहि आहे. परंतु एकेका अंगाला पूर्ण हत्ती समजल्यानें त्यांचें भांडण होतें. हें सबंध भांडण परमेश्वराविषयींच्या अपुऱ्या ज्ञानासमोर ठेवलें, म्हणजे दृष्टान्त होतो. उपमा एका वस्तूला दुसरीसारखी म्हणते. दृष्टान्त एक सबंध प्रसंग दुसऱ्यासमोर आरशाप्रमाणें धरतो.

सूप, खराटा ह्या वस्तु विद्वानांच्या सभेंतील नव्हेत. केसोबास संस्कृताचे पंडित होते. त्यांनीं संस्कृतांत लिहिण्याचा विचार केला, तेव्हां आचार्य नागदेवांनीं त्यांना अडविलें. त्यानें आपल्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती.

ह्याच वाङ्मयाच्या वांट्याला पुढें विचित्र दैव आलें. पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरविले गेले, आणि म्हाताऱ्यांसाठीं मराठींत राखलेले शब्द मराठी वाचकांस कित्येक शतकें अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं सकळ लिपीची उकल केली. त्यानंतर नेने, कोलते आदि संशोधकांनीं हे ग्रंथ छापून सर्वांच्या हातीं दिले. २०२४ सालीं रिद्धपुरासच मराठी भाषा विद्यापीठाचें अध्यापन सुरू झालें.

अलंकार म्हणजे भाषेवर चढविलेले दागिने, अशी समजूत रूढ आहे. वऱ्हाडांतील ह्या जुन्या ग्रंथांत मात्र दृष्टान्त शोभेसाठीं आलेला नाहीं. निरक्षर श्रोत्याला अवघड गोष्ट समजावी आणि समजलेली गोष्ट त्याच्या स्मरणांत राहावी, एवढ्यासाठीं तो सांगितला गेला. विद्यार्थ्यानें व्याख्या अवश्य पाठ करावी; परंतु ती सुपाखराट्याच्या भाषेंत शेजारच्या आजीबाईंना समजावून देतां आली, तरच ती आली असें मानावें.