उपजेचा इतिहास

संगीतविषयक इंग्रजी लेखन मराठीत आणताना 'इम्प्रोव्हायझेशन' या शब्दापाशी मी अनेकदा अडलो आहे. 'उत्स्फूर्त वादन' हा पर्याय लेखणीच्या टोकाशी सहज येतो. परंतु त्याबरोबर पूर्वतयारीच्या अभावाची एक छटाही येते. जे आपोआप स्फुरले त्याला मागचा-पुढचा संदर्भ असण्याचे कारण नाही, असे तो शब्द नकळत सुचवतो. उलट आपल्या गवयांच्या बोलण्यातील 'उपज' हा शब्द पाहावा. उपज व्हावयाची तर जमीन कसलेली असावी लागते. तालीम, रियाज आणि कानांत साठलेली परंपरा यांवाचून ती संभवत नाही. दोन शब्दांतील हा भेद केवळ कोशापुरता नसून त्यामागे कलेच्या इतिहासाचा एक मोठा वाद उभा आहे, याची जाणीव मला अमेरिकन ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस यांच्या कार्यामुळे झाली.

लुईस यांचा जन्म १९५२ साली शिकागोत झाला. वयाच्या नवव्या वर्षी ट्रॉम्बोन त्यांच्या हाती आला. पुढे येल विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून १९७४ साली ते पदवीधर झाले. मात्र त्यांचे खरे गुरुकुल वेगळेच होते. शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय संगीतकारांनी १९६५ साली 'असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स' ही संस्था स्थापन केली होती. आपल्या मैफलींत सभासदांनी स्वतःचेच नवे संगीत सादर करावे, असा तिचा दंडक होता. संस्थेची एक शाळाही होती. १९७१ साली लुईस या मंडळींत आले आणि संस्थापकांपैकी मुहाल रिचर्ड अब्रॅम्स यांच्यापाशी रचनाशास्त्र शिकले. 'जॅझ' या नावाने आखून दिलेल्या चौकटीत राहण्याचे या मंडळींनी नाकारले होते. आम्ही रचनाकार आहोत, हे त्यांचे म्हणणे होते; आणि ज्या समाजात कृष्णवर्णीय वादकाकडे उपजत लयीचा धनी म्हणूनच पाहिले जाई, तेथे हे म्हणणे साधे नव्हते.

ट्रॉम्बोन हे वाद्य या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याची नळी पुढे-मागे सरकते; त्यामुळे दोन स्वरांमधील सारी वाट वादकाला मोकळी असते, आणि मींड त्याच्या देहातच आहे. शिवाय फुंकतानाच वादक गाऊ लागला, तर एका नळीतून एकापेक्षा अधिक नाद उमटतात. १९७६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या आपल्या एकल वादनाच्या तबकडीवर लुईस यांनी एक पाऊल पुढे टाकले. तिच्यातील एका रचनेत स्वतःचेच वादन तीनदा एकावर एक मुद्रित करून त्यांनी तीन ट्रॉम्बोनांचा संवाद घडवला. त्याच सुमारास ते काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात वाजवत होते आणि अँथनी ब्रॅक्स्टन यांच्या प्रयोगशील संचातही. परंपरा आणि प्रयोग यांत निवड करावी लागते, असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही. १९७९ सालच्या 'होमेज टू चार्ल्स पार्कर' या त्यांच्या कृतीत ट्रॉम्बोन, पियानो आणि विद्युत्-ध्वनियंत्रे एकत्र येतात, आणि हे अर्वाचीन साधन ज्याच्या स्मरणासाठी राबते तो बीबॉपचा प्रवर्तक १९५५ सालीच दिवंगत झालेला आहे.

विद्युत्-यंत्रांकडे लुईस केवळ नादवैचित्र्यासाठी वळले नाहीत. नाद वाढवणारे यंत्र वादकाच्या हुकमतीत असते. त्यांना ऐकणारे यंत्र हवे होते. १९८४ साली पॅरिसच्या 'इर्काम' या संशोधनसंस्थेत त्यांनी संगणकांनी चालवलेल्या ध्वनियंत्रांसमवेत चार वादकांना बसवले. त्यानंतर १९८६ ते १९८८ या काळात ॲम्स्टरडॅमच्या 'स्टाइम' या संस्थेत 'व्हॉयेजर' ही त्यांची आज्ञावली आकारास आली. वादकाचे सूर तिच्यापर्यंत पोहोचतात, त्यांची चाल ती हेरते आणि चौसष्ट स्वतंत्र 'वादकांच्या' रूपाने उत्तर देते. पण ती केवळ उत्तर देत नाही. वादक गप्प राहिला तरी तिचे वादन चालू राहते, कारण तिला स्वतःचे असे काही वाजवावयाचे असते. येथे यंत्र हे साथीदार नव्हे, समोरचा कलावंत आहे. आज्ञावली तटस्थ नसते, ती घडवणाऱ्या समाजाचे विचार आणि संस्कार तिच्यात उतरतात, हे लुईस यांनी स्वतः मांडले आहे. संगणकाच्या निर्जीव अंकांतही इतिहास मुरलेला असतो, हाच त्याचा अर्थ.

हाच विचार १९९६ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात उघडपणे येतो. १९५० नंतरच्या संगीतातील तत्क्षणनिर्मितीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. एक युरोपीय विचारपरंपरेतून आलेली : जॉन केज यांच्यासारखा रचनाकार कलावंताची स्मृती, आवडनिवड आणि आत्मकथा यांपासून नादाला मुक्त करू पाहतो. दुसरी आफ्रिकी-अमेरिकन अनुभवातून आलेली : तेथे वादकाचा सूर हीच त्याची ओळख, आणि तो सूर आयुष्याचे व समाजाचे स्मरण वाहून आणतो. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास बळाने पुसला गेला, त्यांना स्मृतीपासून मुक्ती ही मुक्ती कशी वाटावी? पहिल्या दृष्टीने लिहिलेल्या इतिहासात पार्करसारख्यांचे ऋण अनुल्लेखित राहिले, हा लुईस यांचा मुख्य आक्षेप आहे.

अशा द्वंद्वात वंशाला कलेचा नियंता ठरवण्याचा धोका आहे, अशी शंका कोणी घेईल. लुईस यांनी ती आधीच ओळखली होती. या दृष्टी इतिहासातून घडलेल्या आहेत, रक्तातून आलेल्या नाहीत, असे त्यांनी बजावले आहे. कोणत्याही वर्णाचा कलावंत यांपैकी कोणतीही पत्करू शकतो. तरीही दोन नावे एकदा रूढ झाली की वाचक माणसांची वाटणी करू लागतो, हे मान्य केलेच पाहिजे.

२००८ साली प्रसिद्ध झालेला 'अ पॉवर स्ट्राँगर दॅन इटसेल्फ' हा शिकागोच्या संस्थेचा त्यांनी लिहिलेला बृहद् इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावतो. संस्थेच्या सभासदांच्या मुलाखती या ग्रंथाचा कणा आहेत. त्याच्या अखेरीस निवेदक बाजूला सरतो आणि निरनिराळ्या काळी बोललेल्या सभासदांची एक काल्पनिक सभा भरते. एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, तिसरा भलतीकडेच नेतो, आणि निकाल कोणीच देत नाही. ही वादनाचीच पद्धती आहे. याच प्रकरणातून पुढे २०१५ साली 'आफ्टरवर्ड' हे त्यांचे संगीतनाटक निर्माण झाले.

वादन, यंत्र आणि ग्रंथ अशा तीन वाटा दिसत असल्या, तरी लुईस यांचे कार्य एकच आहे. लिहून ठेवलेले नाही म्हणून जे इतिहासाबाहेर राहिले, त्याला ते स्मृतीचे आणि विचाराचे श्रेय परत मिळवून देतात. अशा श्रेयाचा प्रश्न आपल्यालाही अपरिचित नाही. जात्यावरच्या ओवीला उत्स्फूर्त म्हणून गौरवताना, ती गाणारीने किती ऐकले, किती पारखले आणि किती नाकारले, हे विचारावयाचे आपण विसरतो; आणि ज्याला विचार नाही असे आपण गृहीत धरले, त्याला इतिहासही देत नाही. म्हणून यापुढे भाषांतर करताना 'उत्स्फूर्त' हा शब्द मी खोडीन आणि 'उपज' लिहीन. शब्द एकच बदलेल. परंतु त्याबरोबर जमीन कसणाऱ्याचे नावही पानावर येईल.