वीट, वज्री आणि उटणे

करी रोडच्या चाळीत आमच्या मोरीच्या कट्ट्यावर एक वज्री असे. पितळेची, मुठीत मावणारी, वर मोर आणि खाली आडव्या-उभ्या रेघांनी खरखरीत केलेला तळ. पहाटे नळाला पाणी येण्याआधी आजी पाटावर बसून कोरड्याच टाचा घासून घेई. आईने एकदा विचारले, "अहो, आधी पाय भिजवून घ्या ना." त्यावर आजी म्हणाली, "भिजलेली टाच मऊ लागते गं, मग हात कुठं थांबवायचा ते कळत नाही. कोरडी टाच आपणच सांगते, आता पुरे."

हल्ली लाकडी मुठीचे, ताठ केसांचे ब्रश दुकानात मिळतात. अंघोळीआधी कोरड्या अंगावर ते फिरवायचे, पावलांपासून वर छातीकडे. ही रीत परदेशातून आली असे समजून लोक ती शिकतात. ब्रश परदेशी असेल, पण कोरडे अंग घासण्याची कुळी आपल्या घरातली आहे आणि तिची सगळ्यात ठळक खूण आपण दर दिवाळीला तोंडाने उच्चारतो: उटणे.

उटणे म्हणजे सुगंधी पूड, असा अर्थ आज आपल्या डोक्यात पक्का आहे. मूळ शब्दात मात्र सुगंध नाही. संस्कृत 'उद्वर्तन', त्याचे प्राकृतात 'उव्वट्टण' झाले आणि त्यातून मराठीत 'उटणे', हिंदीत 'उबटन'. 'उद्' म्हणजे वर आणि 'वृत्' म्हणजे वळणे, फिरणे. अंगावर कोरडे पीठ चोळून पाहा. मळ आणि मेलेली कातडी यांच्या बारीक वळ्या होऊन वर येतात. शब्दात नेमके तेच चित्र आहे. म्हणजे उटणे हे आधी क्रियेचे नाव होते, पदार्थाचे नंतर झाले. घासणे मागे पडले, पुडी राहिली. या अदलाबदलीत आपले थोडे नुकसान झाले असे मला वाटते.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात क्रम आहे: अभ्यंग, व्यायाम, मग उद्वर्तन, मग स्नान. उद्वर्तनाने कफ कमी होतो, मेद विरघळतो, अंग घट्ट होते आणि त्वचा प्रसन्न होते, असे तिथे म्हटले आहे. सुश्रुताने आणखी बारकाई केली. तेलकट द्रव्याने चोळणे ते उत्सादन आणि तेलाशिवाय कोरडे घासणे ते उद्घर्षण, असा भेद त्याच्या संहितेचे टीकाकार करतात. घर्षणाने शिरांची तोंडे मोकळी होतात आणि कातडीतला अग्नी चेततो, असे सुश्रुत सांगतो. पुढे तो विटेने अंग घासण्याचाही उल्लेख करतो, खाज आणि अंगावर उठणाऱ्या गांधी यांवर उपाय म्हणून. ब्रशाचा हा एक जुना पूर्वज: भाजलेल्या मातीचा तुकडा.

पंचकर्मात आजही उद्वर्तन होते ते कोरड्या चूर्णाने. त्यात बहुधा त्रिफळा किंवा कुळीथ असतो आणि हात केसांच्या उलट दिशेने, खालून वर फिरतो. कुळीथ म्हटले की करी रोड-लालबागच्या कोकणी घरांना पिठी आठवेल. जे पोटात जाते तेच अंगालाही लागते, यात आपल्या जुन्या लोकांना काही वावगे वाटले नाही.

विटेचा वंश पुढे वज्रीत उतरला. नावात वज्र आहे, म्हणजे कठीणपणा. ती कधी भाजलेल्या मातीची, कधी दगडाची, कधी पितळ-तांब्याची. वर धरायला पक्षी, घोडा, हत्ती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा जुन्या वज्र्या जपून ठेवल्या आहेत. त्या पाहताना जाणवते की टाच घासण्याच्या वस्तूवरसुद्धा कारागिराने हात राखून काम केले नाही. बाकीच्या अंगासाठी कोकणात वेगळी सोय होती. घोसाळे वेलावरच जून होऊन वाळले की साल काढायची, बिया झटकायच्या आणि उरलेली जाळी अंग घासायला घ्यायची. नारळाचे सोडणही याच कामाला येई.

गावाहून ही जाळी आणि ही सवय मुंबईत आली ती गिरण्यांबरोबर. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, करी रोड हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. अंगाला घामाच्या धारा आणि त्यावर कापसाचे तूस चिकटलेले. पाळी सुटून आलेला माणूस नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नसे. पाणी ओतले की तुसाचा लगदा होई. आधी पंचाने कोरडे अंग खसाखसा पुसायचे आणि मग तांब्या उचलायचा, ही आजोबांची रीत मी पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले आणि खात्यातले तूसही गेले. पंचाने कोरडे पुसणे आजोबांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

जगात इतरत्रही हेच सुचले. जपानात थंडीच्या सकाळी कोरड्या फडक्याने अंग घासायची पद्धत आहे, तिला 'कानपु मासात्सु' म्हणतात. आजचा ब्रश मात्र जर्मन निसर्गोपचाराच्या घराण्यातला. बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांनी जलोपचार लोकप्रिय केला आणि त्यांच्या परंपरेत कोरड्या ब्रशाने अंग घासणे रुजले. त्याच जर्मन चळवळीतले लुई कुन्हे गांधीजींनी आवडीने वाचले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी कुन्हेच्या घर्षणस्नानाची माहिती दिली आणि १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले. जर्मनीतून आलेले घर्षण आणि आपले उद्घर्षण महाराष्ट्रात असे एका अंगणात आले.

आता फायद्याचे. कोरड्या घासण्याने वरची मेलेली कातडी निघते, त्वचा गुळगुळीत होते आणि नंतर लावलेले तेल चांगले मुरते. घासलेल्या जागी काही वेळ रक्त खेळते, ऊब येते, तरतरी वाटते. एवढे खरे आहे आणि एवढे पुष्कळ आहे. शरीरातली 'विषे' बाहेर पडतात, मांड्यांवरची चरबी वितळते, हे दावे मात्र सिद्ध झालेले नाहीत. विषे बाहेर टाकण्याचा मान यकृत आणि मूत्रपिंडांचा आहे. वाग्भटाचे 'मेद विरघळणे' मी त्या काळच्या शास्त्राचे मत म्हणून आदराने वाचतो, वजन कमी करण्याचा इलाज म्हणून नाही.

घासण्याची हौस अंगाशीही येते. नायलॉनच्या जाळीने रोज जोराने घासणाऱ्यांच्या पाठीवर, गळ्याच्या हाडावर, नडग्यांवर काळपट डाग पडतात. आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांना ते चांगले परिचित आहेत. डाग मळाचा वाटतो म्हणून माणूस आणखी घासतो आणि तो आणखी काळा होतो. तेव्हा हलका हात, दोन-तीन मिनिटे, आठवड्यातून एक-दोनदा. इसब, सोरायसिस, नायटा, जखम किंवा उन्हाने भाजलेली कातडी असेल तर अजिबात नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी वज्रीला हात लावू नये, कारण कोरडी टाच "पुरे" म्हणाली तरी त्यांना ते ऐकू येणार नाही. ब्रश किंवा जाळी ज्याची त्याची वेगळी, आणि मुंबईच्या दमट हवेत ती मोरीत टांगून न ठेवता उन्हात वाळवलेली.

या नरकचतुर्दशीला पुडीतले चिमूटभर उटणे पाण्यात किंवा दुधात कालवण्याआधी कोरडेच हातावर चोळून पाहा, हलक्या हाताने, खालून वर. आणि घरात आजीची पितळी वज्री असेल, तर पितळेला चांगला भाव आहे म्हणून ती मोडीत देऊ नका.