भिंतीकडची बाजू कुणाची?

१६६४ साली लंडनच्या न्यू एक्स्चेंज या बाजारापाशी दोन माणसे समोरासमोर आली. भिंतीच्या बाजूने कोणी जायचे यावरून धक्काबुक्की झाली, तलवारी निघाल्या आणि दोघांनी एकमेकांना भोसकून ठार केले. लंडनचा नौदल अधिकारी सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीत ही बातमी नोंदलेली आहे.

एवढ्याशा वाटेवरून जीव का जावा, हे कळायला तेव्हाचा रस्ता पाहावा लागतो. बऱ्याच रस्त्यांच्या मधोमध उघडे गटार वाहत असे. घोडागाड्यांची चाके त्यातली घाण दोन्हीकडे उडवत, छपरांच्या पन्हाळींचे पाणी थेट खाली कोसळे. जुन्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले असत. त्यांच्याखालून, भिंतीला लागून चालणारा त्यातल्या त्यात कोरडा राही. ती बाजू दुसऱ्याला द्यायची म्हणजे स्वतः चिखलात उतरायचे. म्हणून ती बाजू हा मान झाला, आणि मान म्हटला की भांडण आलेच. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेटांचा नोकर माँटेग्यूंच्या कोणालाही भिंतीची बाजू सोडणार नाही, अशी फुशारकी मारतो. कथा इटलीतल्या व्हेरोनाची, पण चिखल लंडनकरांच्या चांगल्याच ओळखीचा.

या रिवाजाला माणुसकीचे वळण दिले ते कवी जॉन गे याने. लंडनमध्ये पायी कसे फिरावे हे सांगणारे त्याचे ‘ट्रिव्हिया’ हे दीर्घकाव्य १७१६ साली आले. भिंतीकडची बाजू कोणाला द्यावी, तर तरुणीला, थरथरत्या पावलांच्या म्हाताऱ्याला, ओझ्याखाली वाकलेल्या हमालाला. आणि चाचपडणाऱ्या आंधळ्याला तर वाट दाखवावी. विटक्या झालरीची टोपी तिरकी करून छाती काढत येणाऱ्या गुंडाला मात्र तसूभरही जागा देऊ नये, उलट गटाराकडे ढकलावे. तो पुटपुटत निघून जाईल. हुद्दा आणि तलवार बाजूला सारून गे आधी समोरच्याची गरज पाहतो. या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या आईच्या काळी लंडनमध्ये माणसांच्या दोन जाती होत्या: भिंत देणारे शांत आणि भिंत घेणारे भांडखोर. जॉन्सन लंडनहून लिचफिल्डला घरी परतला तेव्हा आईने त्याला विचारले, तू त्यांतला कोणता? १७७३ साली आपला चरित्रकार बॉझवेल याला ही आठवण सांगताना त्याने पुढे म्हटले की आता प्रत्येकजण उजवीकडून चालतो, तंटा उरला नाही. ही सोय साधी होती. ज्याच्या उजव्या हाताला भिंत असेल तो भिंतीकडून जाणार. तो सरदार की शिंपी, हे विचारायचेच नाही.

मधल्या काळात रस्ताही बदलत होता. १७६२ च्या वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्यानंतर तिथल्या रस्त्यांवर सपाट फरश्यांचे पदपथ झाले, गटारे मधून निघून कडेला गेली. पुढे १८३५ च्या महामार्ग कायद्याने गाड्यांना डावी बाजू ठरवून दिली आणि पदपथावर गाडी किंवा घोडा घालणे हा गुन्हा ठरवला. पदपथावर समोरासमोर आलेल्या दोघांनी काय करायचे, हे मात्र त्याने त्या दोघांवरच सोडले.