सुकती, मुदत आणि वेळ

शाळेच्या भूगोलात भरती-ओहोटी येते ती सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत मांडलेल्या आकृतीसकट. मालवणच्या मुलाला या धड्यात नवे म्हणावे तर ती आकृतीच. पाणी कधी चढते आणि कधी उतरते हे त्याला ठाऊक असते, मात्र ठाऊक असते ते वेगळ्या नावाने. "आवस सुकतीक कालवां काढूक गेली," असे तो सहज सांगेल. ओहोटी पुस्तकात, सुकती घरात. गोव्याच्या कोकणीतही जोडी भरती-सुकतीचीच आहे.

यातल्या 'भरती'ने फारसा त्रास देऊ नये. संस्कृत 'भृ', त्यावरून 'भर' आणि आपले 'भरणे'. मराठीत हे क्रियापद भलतेच ऐसपैस आहे. बाजार भरतो, जत्रा भरते, माणसाचे दिवस भरतात आणि शाळासुद्धा भरते. समुद्र भरला तर नवल काय? गळती, चढती, पडती यांच्याच साच्यात 'भरती' बसते आणि 'सुकती'ही. दोन्ही घरच्या क्रियापदांना तोच '-ती' जोडलेला. जोडी म्हणून पाहिले तर भरती-सुकती ही सख्खी भावंडे वाटतात, आणि ओहोटी बाहेरून आणून शेजारी बसवल्यासारखी.

अर्थात ओहोटीही परकी नाही. प्राकृतात 'ओहट्ट' म्हणजे मागे सरणे, उणे होणे. त्यातला 'ओ' हा संस्कृत 'अप' किंवा 'अव' या उपसर्गाचा अवशेष असावा. 'अपवरक'ची जशी ओवरी झाली आणि पूर 'ओसरतो' तो जसा 'अपसर' किंवा 'अवसर' यातून, तसेच हे दिसते. 'ओहटी'ची 'ओहोटी' झाली ती पहिल्या 'ओ'ने दुसऱ्याला आपल्याकडे ओढल्यामुळे असेल. गुजरातीने शब्द आणखी आखडता घेतला. तिथे भरती आणि 'ओट'. उत्तरेकडे आणि बंगालकडे ज्वार-भाटा, पण आपल्याकडे ज्वारी फक्त शेतात भरते.

आता सुकतीकडे. ध्वनीच्या मोहात पडणाऱ्याला इथे चांगलाच सापळा आहे. संस्कृतात शिंपीला 'शुक्ति' म्हणतात. सुकती लागली की खडकावरच्या शिंपा उघड्या पडतात, तेव्हा शुक्ति दाखवणारी ती सुकती, अशी व्युत्पत्ती कोणीही चहाच्या टेबलावर रचून टाकील. ती टिकत नाही. प्राकृतात येताना 'क्त'चा 'त्त' होतो. मुक्तचे 'मुत्त', भक्तचे 'भत्त' आणि मग आपला भात. त्याच न्यायाने शुक्तीची 'सुत्ति' व्हायला हवी, मधला 'क' वाचणे शक्य नाही. सुकतीतला 'क' आला आहे 'शुष्क'मधून. शुष्क, सुक्क, सुका ही वाट अगदी स्वच्छ आहे, आणि खाडीकाठी राहणाऱ्याला ती डोळ्यांनीही पटते. पाणी दूर गेले यापेक्षा खाडी सुकली हेच त्याला आधी दिसते. पुस्तकातला शब्द पाण्याच्या हालचालीकडे बघतो, मालवणी शब्द मागे उरलेल्या जमिनीकडे. काठावर पोट असणाऱ्यांचा शब्द हाच असणार.

त्या जमिनीवर काय असते, तर जीवशास्त्राचा आख्खा पहिला धडा. कालवाची खालची शिंप खडकाला सिमेंट लावल्यासारखी घट्ट बसलेली असते, वरची झाकणासारखी. काठ इतके धारदार की अनवाणी पाय पडला तर रक्त निघाल्याशिवाय राहत नाही. बायका टोकदार लोखंडाने नेमके वरचेच झाकण उचकटतात. खालची शिंप खडकावरच राहते आणि पुढे त्याच खडबडीवर नवी कालवे धरतात. सुकती सरली की तीच शिंप पुन्हा पाण्याखाली.

थोडे अधिक खोल पाण्यात पोवळे. 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ही वस्ती आहे. पाठ्यपुस्तक त्याला 'प्रवाळ' म्हणते. तो संस्कृत 'प्रवाल'च. त्याचेच प्राकृत 'पवाल' आणि घासूनपुसून झालेले मराठी 'पोवळे'. पण संस्कृतात प्रवाल म्हणजे कोवळी, तांबूस पालवी असाही अर्थ आहे, आणि तोच आधीचा असावा. समुद्रातून निघालेली लाल फांदी पाहून कुणीतरी तिला झाडाचा कोंब ठरवले. शाळेत शिकवतात की प्रवाळ हा प्राणी. ते बरोबरच. तरी जुन्या नामकर्त्याला पुरता नापास करू नये. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला देते. पालवीचे काम तिथे चालूच आहे!

आता ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे. 'समुद्रकिनारा' आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातला 'किनारा' फारसी आहे हे ध्यानात राहत नाही. तो यायच्या आधी काय होते? 'तट' होता, 'तीर' होते, पण कोकणात मुख्य शब्द 'वेळ' असावा. कोकणीत अजूनही 'दर्यावेळ' म्हणजे समुद्रकिनारा. (त्यातला दर्या पुन्हा फारसीच, फारसीने एका दारातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत यावे तसे.) वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची पुळण 'वेळागर' म्हणून प्रसिद्ध आहे. 'वेळ' आणि 'आगर' असे ते असावे. आगर म्हणजे माडांची बाग किंवा मिठागर, मूळ बहुधा 'आकर', खाण. शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तो अशाच आगरांमुळे. रत्नागिरीत वेळास आणि वेळणेश्वर आहेत, दोन्ही समुद्रकाठी. इथे हात आवरायला हवा, कारण सातारा जिल्ह्यात खंबाटकी घाटाजवळही एक वेळे आहे. तिथे समुद्र नेता येणार नाही, वेळूचे बेट फार तर नेता येईल. किनाऱ्यावरच्या एखाद्या वेळेमागेही वेळूच निघू शकतो.

संस्कृतात 'वेला' म्हणजे मर्यादा, काठ, भरती आणि काळही. मराठीने काळ ठेवला, काठ सोडला. 'तो वेळ' आणि 'ती वेळ' अशी दोन लिंगे केली, शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक टांगले, आणि त्यात भरतीचे पाणी आहे हे विसरून गेली. समुद्र आणि काळ यांची ही सोयरीक फक्त आपली म्हणावी, तर इंग्रजीतला 'टाइड' मुळात काळवाचकच, आणि जर्मनमध्ये काळ 'त्साइट' तर भरती-ओहोटी 'गेत्साइटेन'. ही मंडळी संस्कृतच्या कुळातली तरी आहेत. अरबी वेगळ्या कुळाची, आणि गंमत तिथेच आहे. अरबीत भरती म्हणजे 'मद्द', ओहोटी म्हणजे 'जज़्र'. 'मद्द' म्हणजे ताणणे, लांबवणे. याच धातूतून आलेली 'मुद्दत' म्हणजे ताणलेला काळ. ती फारसीमार्गे आपल्याकडे येऊन 'मुदत' झाली, आणि 'मदत'ही त्याच घरची. कर्जाची मुदत वाढवून मागणारा माणूस भाषेच्या दृष्टीने भरतीच मागत असतो.

'जज़्र'चा मूळ अर्थ कापणे. पाणी कापले गेले की ओहोटी, आणि जमिनीपासून कापलेला तुकडा म्हणजे 'जज़ीरा', बेट. अल्जीरिया देशाच्या नावात तीच बेटे आहेत. आपल्याकडे त्याचा 'जंजिरा' झाला. मधला अनुनासिक फारसी 'जंजीर', साखळी, या शब्दाच्या संगतीने शिरला असावा. म्हणजे 1664 साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग, जंजिरा म्हणून, ओहोटीचा चुलतभाऊ लागतो.

काळाचे हे नाते कोकणाने हिशेबातही उतरवले आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीचा साधारण तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', पाव उणा. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो, आणि तिथी दिवसापेक्षा किंचित आखूड असल्याने तिथीमागे हा उशीर 48 मिनिटांचा पडतो. 48 मिनिटे म्हणजे जुन्या मापात बरोबर दोन घटिका, एक मुहूर्त. पाऊण तास हा घड्याळ आल्यानंतरचा ढोबळ अनुवाद दिसतो. त्याआधी 'तिथीमागे दोन घटिका' असा बिनचूक हिशेब असणे सहज शक्य आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला 'उधाण', अष्टमीच्या मंदावलेल्या भरतीला 'भांग'. उधाणात 'उद्' उघड आहे, पुढचे 'धान' की 'धावन' यावर वाद घालता येईल. माझा कल धावण्याकडे, कारण उधाणाचे पाणी तसेच येते. भांग हा 'भङ्ग'च असावा, जोर मोडलेली भरती. केसांतला भांगही त्याच धातूचा. प्यायच्या भांगेचा इथे संबंध नाही, कितीही वाटला तरी.

भरती संपली आणि सुकती अजून लागली नाही, अशा काही मिनिटांत पाणी जागच्या जागी उभे राहते. देवगड, आचरे, तळाशील, वेंगुर्ले इथल्या रापणकरांच्या आणि होडीवाल्यांच्या तोंडी त्या स्थितीला नावे असणार, आणि वाडीगणिक ती बदलणार. वाचकांपैकी कुणाला ती ठाऊक असतील तर उच्चारासकट आणि गावाच्या नावासकट जरूर कळवावीत.